जरा कोपऱ्यापर्यंत येतो

शनिवारी सकाळी लिंबे गावात बाम्बो, म्हणजे श्रीयुत, मटेवेरे नवे बूट घालून घरातल्या घरात फेऱ्या मारत होते. बूट दुपारच्या चिंखोस्वेसाठी घेतलेले होते आणि दुकानदाराने सांगितलं होतं की, दोन-चार फेऱ्या मारल्या की चामडं सैल पडेल. दुकानदाराच्या मनात दिवाणखान्यातल्या फेऱ्या होत्या, हे इथेच नमूद केलेलं बरं.

दुपारी दोन वाजता मटेवेऱ्यांच्या भाचीचं, अतुपेलेचं, लग्न ठरल्याचं चारचौघांत कबूल होणार होतं. चिंखोस्वेत केक असतो, भाषणं असतात, नाचणाऱ्यांवर नोटा उधळतात. पण खरा व्यवहार दोन मामांचा. मुलाचा मामा मुलीच्या मामाच्या हातात कोंबडा देतो, मुलीचा मामा मुलाच्या मामाच्या हातात कोंबडी देतो. हे झालं की ठरलं. आणि दिलेला कोंबडा उलट हाती परत गेला की मोडलं. वकील लागत नाही, कोर्ट लागत नाही. म्हणूनच आमच्याकडे कोंबड्याला जो मान आहे तो वकिलाला नाही.

अतुपेलेचं एकदा असं मोडता मोडता नव्हे, ठरता ठरता राहिलं होतं. त्या वेळी मुलाचा मामा झोंब्याहून आला होता. बोलणी झाली, तो उठला, आणि मटेवेऱ्यांनी त्याला दारातूनच हात हलवून निरोप दिला, कारण टीव्हीवर फुटबॉल चालू होता आणि पेनल्टी मिळाली होती. आमच्याकडे पाहुणा उठला की यजमानाने उठायचं असतं, त्याच्या हातातलं ओझं आपल्या हातात घ्यायचं असतं आणि त्याला थोड्या वाटेपर्यंत पोचवायचं असतं. झोंब्याच्या मामाने घरी जाऊन एकच वाक्य सांगितलं, “दारातूनच हात केला.” पुन्हा त्यांचा फोन आला नाही. पेनल्टीही वाया गेली.

तेव्हापासून मटेवेऱ्यांची थोरली बहीण, म्हणजे अतुपेलेची आई, एनेलेस त्यांच्याशी बोलताना वाक्याची सुरुवात “तू तर बोलूच नकोस” अशी करत असे. आज मात्र ती सकाळपासून सूचना देत होती.

“नामालोंबा मास्तर येताहेत. किती माणसं येणार ते सांगायला. उठले की तूही उठायचं.”

“हो गं ताई.”

“नीट पोचवायचं.”

“हो.”

“टीव्हीची वायर मी काढून ठेवलीय.”

अतुपेले जवळ आली, मामांच्या कोटाची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, “मामा, या वेळी तरी.” मटेवेऱ्यांना ते बुटांपेक्षा जास्त चावलं.

तेवढ्यात दारात “ओडी! येऊ का?” अशी हाक आली. बाम्बो नामालोंबा, म्हणजे मुलाचे मामा, ब्लँटायरच्या एका शाळेत गणित शिकवत. अंगात काळा सूट, काखेत तांबडा कोंबडा. चांगला कोंबडा लिंबेच्या बाजारातच मिळतो, म्हणून त्यांनी तो लिंबेत घेतला होता. पण चिंखोस्वेला तो ब्लँटायरहूनच यायला हवा, म्हणून आता तो ब्लँटायरला जाऊन दुपारी गातनाचत पुन्हा लिंबेला येणार होता. गणिताच्या मास्तरांना यात काही वावगं दिसलं नव्हतं.

बोलणं झटक्यात संपलं. नामालोंबा उठले. पडद्याआडून एनेलेस इतक्या जोरात खाकरली की कोंबडाही दचकला. मटेवेरे ताडकन उठले, दारातच पुढे झाले आणि मोठ्या अदबीने त्यांनी दोन्ही हातांनी पाहुण्यांच्या काखेतला कोंबडा आपल्याकडे घेतला.

“अहो, कशाला, बाम्बो?”

“असं कसं! जरा कोपऱ्यापर्यंत येतो.”

ही दोन वाक्यं आमच्याकडे रोज लाखो लोक बोलतात आणि त्यांतलं कोणी आजवर मेलेलं नाही.

कोपरा आला. आता नामालोंबांनी “बरंय, आता वळा तुम्ही” म्हणायचं, मटेवेऱ्यांनी “छे, अजून थोडं” म्हणायचं, आणखी दहा पावलं जायचं आणि मग दोघांनी सुटायचं, अशी रीत. पण नामालोंबांनाही घरात बहीण होती. तिने निघताना बजावलं होतं, “लिंबेची माणसं दुखावलेली आहेत. ‘वळा’ असं तू आधी म्हणायचं नाही. म्हणतील, ब्लँटायरवाल्यांना आमची सोबत नकोशी झाली.” त्यामुळे कोपऱ्यावर नामालोंबा नुसतेच हसले. मटेवेरेही हसले. कोपरा मागे पडला.

बाजार आला. बाजारापलीकडे मिनीबसचा तळ. तिथे तरी सुटका होईल म्हणून दोघांनी मनातल्या मनात पाय उचलला. पण तळावर एकही मिनीबस नव्हती. पेट्रोल आल्याची अफवा होती आणि सगळ्या मिनीबस पंपावर रांगेत होत्या.

“चालतच जावं लागणार म्हणायचं,” नामालोंबा म्हणाले.

“एकट्याला कसं चालू देईन?” मटेवेरे म्हणाले, आणि ते वाक्य बोलून झाल्यावर त्यांनी ते स्वतःच्याच कानांनी ऐकलं.

लिंबेहून ब्लँटायरला जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेला फरसबंदी आहे. मधूनच ती संपते, मग गवतातून लाल मातीची पायवाट, मग पुन्हा फरसबंदी. सकाळी त्यावर सगळा गाव चालत असतो. डोक्यावर कोळशाची पोती, टोमॅटोच्या टोपल्या, एखादा सोफासेट. जकरांडा फुललेला होता आणि जांभळा सडा पडला होता. अशा सड्यावरून सुटातली दोन माणसं आणि एक कोंबडा चालले होते, आणि प्रत्येक माणूस थांबून नमस्कार करत होता, चौकशी करत होता.

“ऊन वाढतंय, नाही?” अर्ध्या वाटेवरच्या चिचिरीच्या अलीकडे नामालोंबा म्हणाले. हा इशारा होता.

“हो ना. उन्हात एकट्याने चाललं की जास्त लागतं,” मटेवेरे म्हणाले. हा इशारा समजला नसल्याचा पुरावा होता.

“तुमच्याकडे पाहुण्यांची गडबड असेल.”

“पाहुण्यांपेक्षा मोठे पाहुणे तुम्ही!”

बुटांनी एव्हाना मटेवेऱ्यांच्या टाचांशी वेगळीच बोलणी सुरू केली होती. चिचिरीच्या मोठ्या जकरांडाखाली त्यांनी ठरवलं, बस झालं, इथे कोंबडा परत द्यायचा आणि वळायचं. त्यांनी कोंबडा काखेतून काढला, पुढे केला...

आणि तसाच पुन्हा काखेत घेतला.

मुलीचा मामा मुलाच्या मामाला कोंबडा परत देतोय! भर रस्त्यात! चिंखोस्वेच्या दिवशी! तो पुढे आलेला कोंबडा नामालोंबांनीही पाहिला होता आणि त्यांनी दोन्ही हात झटकन पाठीमागे लपवले होते. दोघंही एकमेकांकडे बघून हसले. हसणं फार वेळ टिकलं नाही.

“जड होत असेल,” नामालोंबा हळूच म्हणाले.

“छे! पीस आहे पीस,” मटेवेरे म्हणाले. कोंबड्याने त्यांच्या बाहीवर आपलं मत दिलं.

ब्लँटायर जवळ आलं तेव्हा, जिनरी कॉर्नरच्या चौकात, मटेवेऱ्यांचा फोन वाजला.

“कुठे आहेस?” एनेलेस.

“पोचवतोय.”

“अजून? कुठपर्यंत?”

“जिनरी कॉर्नर.”

पलीकडे एनेलेसने ते नाव दोनदा उच्चारून पाहिलं.

“अरे, नीट पोचव म्हटलं होतं, दत्तक जा म्हटलं नव्हतं!”

“मग वळू का?”

“आता? आता वळलास तर म्हणतील, कंटाळून गेला. जा! आणि दोनच्या आत ये. पाहुण्यांना काय सांगू?”

“सांग, मामा कोपऱ्यापर्यंत गेलेत.”

ब्लँटायरला नामालोंबांच्या अंगणात मुलाची आई, मायी फालेस, नव्या कापडाची निऱ्यानिऱ्यांचं टोपडं डोक्याला बांधत होती. फाटकातून मुलीचा मामा कोंबडा घेऊन आत येताना तिने पाहिला, आणि टोपडं तिच्या हातातच राहिलं.

“परत आणला! कोंबडा परत आणला! अरे माडालित्सो, मोडलं रे तुझं!”

नवरदेव माडालित्सो अर्धी दाढी करून बाहेर धावला. दाढी अर्धी राहिली ती त्या दिवशी तशीच राहिली. शेजारच्या चार बायका रडायच्या तयारीने आल्या. नामालोंबा ओरडत होते, “अगं, पोचवायला आलेत! पोचवायला!”

“इथपर्यंत?”

“इथपर्यंत!”

मायी फालेसने डोळे पुसले आणि तिचा चेहरा बदलत गेला. आधी विश्वास बसला नाही, मग ऊर भरून आला, मग एक वेगळीच धार आली. “बघ,” ती भावाला म्हणाली, “याला म्हणतात माणसं. घरापर्यंत पोचवलं! तू तर तुझ्या साहेबाला फाटकापर्यंत सोडत नाहीस.” मग तिने मटेवेऱ्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मक्याच्या पिठाची न्सिमा व चांबो मासा असं ताट पुढे ठेवलं. मटेवेरे म्हणाले की, वेळ नाही. ती म्हणाली की, चिंखोस्वेच्या दिवशी मुलीचा मामा या घरातून उपाशी गेला, असं लिंबेला कळलं तर? त्यांनी एका हाताने जेवण केलं. दुसऱ्या हातात कोंबडा होता. तो कुणी घेईना.

“खबरदार कुणी हात लावलात तर,” मायी फालेस घरभर सांगत होती. “त्यांच्या हातून या घरात उतरला की मोडलं. जिथे आहे तिथेच राहू दे.”

मटेवेरे उठले. सगळे नामालोंबांकडे बघू लागले.

“चला,” नामालोंबा क्षीण आवाजात म्हणाले, “जरा कोपऱ्यापर्यंत येतो.”

“कोपऱ्यापर्यंत?” मायी फालेसने कमरेवर हात ठेवले. “त्यांनी लिंबेहून ब्लँटायर केलं, आणि आपण कोपरा? दुनिया काय म्हणेल? घरापर्यंत पोचवून ये. मग आपण वेळेवर निघूच.”

“अगं, मी नसताना निघणार कसे? मामा पुढे लागतो ना?”

“म्हणून तर म्हणते, लवकर जा आणि लवकर ये.”

नामालोंबांनी मनातल्या मनात गणित केलं. उत्तर येत होतं, पण ते त्या दिवसात मावत नव्हतं.

तर अशा रीतीने तीच फरसबंदी, तीच पायवाट, उलट्या दिशेने. सकाळी ज्यांनी नमस्कार केला होता त्यांनी पुन्हा केला, फक्त आता चौकशी वाढली होती. “काय हो, ठरलं का मोडलं?” एकाने सायकलवरूनच विचारलं. “कोंबडा कधी इकडे, कधी तिकडे!” मटेवेऱ्यांनी बूट काढून त्यांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते गळ्यात अडकवले आणि पायवाटेच्या मऊ मातीतून चालू लागले. कोंबडा काखेत झोपी गेला होता. त्या तिघांत आरामात तोच होता.

“बाम्बो नामालोंबा,” बऱ्याच वेळाने मटेवेरे म्हणाले, “एक विचारू? आपण दोघं मूर्ख आहोत का?”

“सिद्ध करता येईल,” मास्तर म्हणाले. “पण आज नको.”

लिंबेला पोचले तेव्हा अंगणात मांडव भरला होता. लाउडस्पीकर लावणाऱ्याने तीनच गाणी आणली होती आणि ती संपून पुन्हा सुरू झाली होती. अतुपेले नव्या पोशाखात दाराशी उभी होती. मामा दिसले तशी ती धावत आली; मामांच्या पाठोपाठ नामालोंबा दिसले, तेव्हा तिचा चेहरा उजळला; आणि त्यांच्या पाठोपाठ कोणीच दिसलं नाही, तेव्हा तो पडला.

“बाकीचे?”

“ब्लँटायरला,” नामालोंबा म्हणाले. “मी गेल्याशिवाय निघणार नाहीत. मी आलो पोचवायला. आता त्यांना आणायला जातो.” आणि ते वळले.

नेमकं याच वेळी नुकतेच खुर्चीवर टेकलेले मटेवेरे आपोआप उठले. “चला,” ते म्हणाले, “जरा...”

“बस खाली!” एनेलेस कडाडली.

मटेवेरे बसले. नामालोंबा थबकले. लाउडस्पीकरवाल्याने गाणं थांबवलं. यजमान पाहुण्याबरोबर उठला आणि त्याला चारचौघांत खाली बसवलं! झोंब्याच्या मामाला निदान दारापर्यंत तरी पोचवलं होतं. एनेलेसने तोंडावर हात ठेवला. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं होतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारे काका टोपी शोधू लागले. आमच्याकडे लग्न मोडायची सुरुवात अशीच होते. कुणी भांडत नाही, फक्त टोपी शोधतात.

अतुपेलेने आईकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, काकांच्या टोपीकडे पाहिलं. मग ती स्वच्छ आवाजात म्हणाली, “आई, मामांना एकट्याने कशाला पोचवायला लावायचं? एवढ्या मोठ्या पाहुण्याला आपण सगळेच पोचवू या.”

“सगळे?”

“चिचिरीपर्यंत. आणि ब्लँटायरवाल्यांना फोन करा. त्यांचे मामा परत येताहेत, त्यांनी वाटेत सामोरं यायला नको का? चिचिरीपर्यंत.”

पाहुण्याला पोचवायला जाणं ही रीत. येणाऱ्याला सामोरं जाणं हीही रीत. दोन्ही रीती एकाच रस्त्यावर समोरासमोर चालत आल्या तर त्या कुठे ना कुठे भेटणारच, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“आणि जेवण?” एनेलेस म्हणाली.

“जेवणाला पाय नाहीत, आपल्याला आहेत.”

मग जे झालं ते लिंबेने आधी पाहिलं नव्हतं. भाताची पातेली बायकांच्या डोक्यावर चढली. केक हातगाडीवर. काकांना टोपी सापडली होती, ती त्यांनी हवेत फिरवायला घेतली. अतुपेलेने कोंबडीची टोपली स्वतः उचलली. लाउडस्पीकर खांद्यावर घेतला, पण वायर पुरेना, म्हणून ती तीन गाणी लोकांनी तोंडाने म्हटली. सबंध मिरवणूक फरसबंदीवर मावेना, तेव्हा अर्धी गवतातून निघाली. पेट्रोलच्या रांगेतल्या मिनीबस हॉर्न वाजवायला लागल्या. त्यांना दुसरं कामही नव्हतं. आणि सर्वांच्या पुढे दोन मामा, एक अनवाणी, एक लंगडत.

चिचिरीच्या चढावर समोरून दुसरं गाणं ऐकू आलं. मायी फालेस टोपडं सावरत पुढे, मागे सगळं ब्लँटायर, आणि मधे अर्ध्या दाढीचा नवरदेव. मोठ्या जकरांडाखाली, मंदासीचे गोड वडे तळणाऱ्या एका बाईच्या कढईपाशी दोन्ही लोंढे एकमेकांत घुसले, आणि बायकांनी लुलुलुलु असा गजर केला की कढईतला तेलाचा आवाज ऐकू येईना.

गजर ओसरला. आता व्यवहार. सगळे गोल उभे राहिले. मामा समोरासमोर आले.

कोंबडा मटेवेऱ्यांच्या काखेत होता.

द्यायचा होता नामालोंबांनी.

“आधी त्यांना परत द्या, मग ते तुम्हाला देतील,” कुणीतरी सुचवलं.

“परत दिला की मोडलं!” दोन्हीकडचे म्हातारे एकदम ओरडले. दिवसभरात लिंबे आणि ब्लँटायर यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. मटेवेरे कोंबडा आवळून उभे राहिले. नामालोंबांनी हात पुन्हा पाठीमागे नेले. माडालित्सोच्या अर्ध्या गालावरचा रंग उडाला. उरलेल्या अर्ध्याचं साबणामुळे कळत नव्हतं.

मायी फालेस कपाळाला आठ्या घालून भावाकडे बघत होती. “काय रे, हा कोंबडा यांच्याकडे गेला कधी?”

“सकाळी. यांच्या दारात. मी निघालो तेव्हा.”

“तू दिलास?”

“यांनी घेतला... म्हणजे, हो. माझ्या हातातून यांच्या हातात.”

“दोन्ही हातांनी?”

“दोन्ही हातांनी,” एनेलेस पुढे येत म्हणाली. “मी स्वतः बघितलं. पडद्याआडून.”

दोन्ही आया एकमेकींकडे बघत राहिल्या. मुलाच्या मामाने मुलीच्या मामाला, मुलीच्या दारात, तिच्या आईच्या देखत कोंबडा दिला होता. आणखी काय द्यायचं राहिलं होतं?

“म्हणजे आमच्याकडून सकाळीच ठरलंय,” मायी फालेस हळूहळू म्हणाली. “आणि हे दोघं दिवसभर...”

वाक्य पुरं झालं नाही. आधी मंदासीवाली हसली, मग एनेलेस, मग सगळा रस्ता. अतुपेलेने टोपली उघडून कोंबडी मामांपुढे धरली. मटेवेऱ्यांचा कोपर इतका आखडला होता की कोंबडा काढायला दोन माणसं लागली. मग त्यांनी दोन्ही हातांनी कोंबडी उचलून नामालोंबांना दिली, नामालोंबांनी घेतली, आणि झालं. एका ट्रकवाल्याने ट्रक थांबवून नाचून घेतलं आणि मग विचारलं, कुणाचं लग्न आहे?

झाडाखालीच जेवणं झाली. उन्हं कलायला लागली तशी दोन्हीकडची माणसं आपापल्या बाजूला सरकली, आणि पुन्हा सगळे जागीच थांबले. आता कोण कुणाला पोचवणार?

“इथे सोपं आहे,” माडालित्सो म्हणाला. “एक-दोन-तीन म्हणायचं आणि दोघांनी एकदम वळायचं. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. आम्ही रोज इथेच...”

अतुपेलेने त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

“रोज?” एनेलेस म्हणाली.

“रोज?” मायी फालेस म्हणाली.

“रविवार सोडून,” अतुपेले जमिनीकडे बघत म्हणाली.

रागवायला कोणातच त्राण नव्हतं. आणि युक्ती खरोखर चांगली होती. त्या दोघांनी करून दाखवली: एक, दोन, तीन, आणि गर्रकन वळले. बायका वळल्या, पातेली वळली, म्हातारे वळले. गाणी दोन दिशांना लांब लांब जात राहिली. लिंबेवाल्यांनी बाजारापाशी येऊन मागे पाहिलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मामा नाहीत.

मामा झाडाखालीच होते. एकाच्या काखेत कोंबडी, एकाच्या काखेत कोंबडा. दोघांनी “तीन” म्हटलं होतं, आणि आपण आधी वळलो असं होऊ नये म्हणून दोघंही दुसरा वळायची वाट बघत जागच्या जागी उभे होते.

“तीन फार घाईचा आकडा आहे,” नामालोंबा मास्तर म्हणाले. “दहापर्यंत मोजू.”

“मोजा,” मटेवेरे म्हणाले. “पण दहा म्हटल्यावर जरा पुढपर्यंत...”

“अर्थात,” मास्तर म्हणाले. “जरा कोपऱ्यापर्यंत.”